पडलेला घोडेस्वार

गिरजा गेली त्या दिवशी मी तालुक्याच्या गावी सराफांच्या आळीत नाली उपसत होतो. आम्ही झारेकरी. सोनाराच्या दुकानातला केर, भट्टीची राख, दुकानापुढच्या नालीतला गाळ गोळा करायचा, पाण्यावर न्यायचा आणि लाकडी परातीत हलवून हलवून धुवायचा. माती वाहून जाते, जड ते खाली राहतं. त्यात सोन्याचा कण सापडला तर चूल पेटते. माझा बाप हेच करायचा.

ऊन चांगलं चढलं होतं. मागे सायकल आपटल्याचा आवाज आला. वळून पाहिलं तर माझा धाकटा भाऊ, मल्हारी. धोतर ओलं, केसांतून पाणी गळत होतं.

"दादा, चल."

"भिजलास कशानं?"

"नदीतनं तसाच आलो. दादा, वहिनी..."

"काय झालं गिरजाला?"

"पांढरीचा कडा कोसळला. खाली सापडली. गेली, दादा."

मी हात धुतले. ते का धुतले ते आठवत नाही. गाळ निघेपर्यंत नखं घासली आणि मग त्याच्या सायकलवर मागं बसलो.

आमच्या सावरटाकळीला नदीकाठी एक उंच टेकाड आहे. तिथली माती पांढरी, म्हणून त्याला पांढरी म्हणतात. खाली जुनं गाव गाडलेलं आहे. दोन हिवाळे तिथं सरकारी खोदकाम चालू होतं. पुण्याच्या आगाशेबाई त्याच्या मुख्य होत्या. गिरजा तिथं पाट्या टाकायला जायची. पण माती चाळायला बसली की तिचा हात कुणाला धरता यायचा नाही. बाकीच्या बायकांना खडा दिसायचा तिथं तिला नाणं दिसायचं. करंगळीच्या नखाएवढी, हिरवी पडलेली तांब्याची नाणी. बाईंनी तिला पाट्यांवरून काढलं आणि आपल्या तंबूत बसवलं.

कामाच्या वेळेनंतर कडेची माती कुणी उकरू नये म्हणून अंबर्षी राखणदार होता. तो आडदांड होता आणि तोंडाचा फटकळ. आम्ही झारेकरी कड्याखालची वाळू धुवायला गेलो की हाकलायचा. आठच दिवसांपूर्वी त्यानं गिरजाची परात लाथेनं फोडली होती. "पुन्हा कड्याखाली दिसलीस तर तंगडी मोडीन," असं सगळ्यांदेखत म्हणाला होता.

अर्ध्या रस्त्यात मल्हारी पुढं बघतच म्हणाला, "नुसता कडा न्हाई, दादा."

"म्हंजे?"

"डोस्कं फुटलंय तिचं. मागनं. आन् अंबर्‍याच्या सदऱ्यावर रगत हाय. समद्या गावानं बघितलंय."

आणखी काही सांगायची गरज नव्हती.

गिरजाला चिंचेखाली ठेवलं होतं. तोंडावर तिच्याच लुगड्याचा पदर. मी पदर काढला. एक गाल सुजून काळा झाला होता. डोक्यामागं माती आणि रक्त मिळून चिखल झाला होता. ओठ घट्ट मिटलेले.

अंबर्षी जरा बाजूला दगडावर बसला होता. सदरा छातीपासून खाली लाल. दोन्ही हातांची नखं तुटलेली. मला बघून उठला.

"सटवाजी, मी तिला..."

पुढचं मी ऐकलं नाही. खोदकामावरच्या टिकावाचा दांडा माझ्या हातात आला. कुणी दिला ते तेव्हा बघितलं नाही. मल्हारीनं दिला होता. पहिला फटका खांद्यावर बसला. अंबर्षी माझ्या दुप्पट होता, त्यानं दांडा धरला असता. पण मल्हारीनं मागून त्याच्या काखेत हात घालून त्याला आवळलं.

"हाण दादा! ह्यानंच केलंय!"

"मी भाईर काढली रे तिला!" अंबर्षी ओरडला. "हातानं माती उपसली! बघ, नखं बघ!"

त्यानं उजवा हात पुढं केला. मी त्याच हातावर मारलं. मनगटाचं हाड मोडल्याचा आवाज आला. तरी मी थांबलो नाही. तो गुडघ्यावर आला, तरी तोच हात वर धरत राहिला आणि मी त्याच हातावर मारत राहिलो. शेवटी पाटील आणि दोघातिघांनी मला ओढलं. तेव्हा तो हात हातासारखा राहिला नव्हता.

जमादार आला. त्यानं कडा बघितला, पंचनामा केला. मल्हारीनं त्याच्यापुढं हात जोडले. "सायेब, चिरफाड नका करू. आमच्यात बाईची काया मोडत न्हाईत." असं आमच्यात काही नाही. पण मला वाटलं, वहिनीची माया. त्याला तिनंच वाढवला होता. आई गेली तेव्हा तो आठ वर्षांचा होता आणि ती नुकती लग्न होऊन आली होती. कडा कोसळून मृत्यू असं लिहून जमादार गेला. अंबर्षीला बैलगाडीत घालून दवाखान्यात नेलं.

बायकांनी गिरजाला आंघोळ घातली. तुळशीचं पान आणि पाणी तोंडात घालायला गेल्या तर तोंड उघडेना. "दातखीळ बसली बाई," माझी चुलती म्हणाली. पाणी ओठांवरूनच सोडलं. नाकातली सोन्याची फुलीही सुजेमुळं निघाली नाही. ती तशीच राहू दिली. संध्याकाळच्या आत मी अग्नी दिला.

दुसरा दिवस मी ओट्यावर बसून काढला. मल्हारी सकाळीच खोरं घेऊन पांढरीवर गेला आणि दुपारी मातीनं भरून आला.

"काय करतूस तिथं?" मी विचारलं.

"वहिनीचं काय राहिलं असंल मातीत. बांगडी, कायबी."

"घावलं का?"

"न्हाई," म्हणाला, आणि जेवून पुन्हा गेला.

मी तिथं बसून एकाच गोष्टीचा विचार करत होतो. अंबर्षी जिवंत का सोडला. हात मोडून भागणार नव्हतं. सावडण्याचं झालं की दवाखान्यात जायचं आणि उरलेलं काम पुरं करायचं, असं मी ठरवलं होतं. विळ्याचं पातं घासून ठेवलं होतं.

तिसऱ्या दिवशी सकाळी आम्ही राख सावडायला घाटावर गेलो. अस्थी मडक्यात भरल्या, दूध शिंपडलं. बाकीची माणसं आंघोळीला वरच्या पाण्यावर गेली. मी आणि मल्हारी उरलेली राख सोडायला डोहाशी उतरलो.

आता आमच्यातली एक गोष्ट सांगायला पाहिजे. घाटावर लोकांनी सोडलेली राख आम्ही धुतो. मेलेल्याच्या अंगावर कधी मणी राहिलेला असतो, कधी दात बांधलेला असतो. ते आमचं काम आहे, त्याची लाज नाही. पण आपल्या माणसाची राख आपण धुवायची नाही. त्यात जे असेल ते नदीचं. बापाची मी धुतली नव्हती, आईचीही नाही.

पण मला ती फुली पाहिजे होती. तिच्या अंगाला लागलेली एक वस्तू जवळ असावी, इतकंच. मी परात घेतली आणि राख त्यात ओतली.

"दादा, हे काय करू लागलास? आपल्याची राख धूत न्हाईत."

"तू वर जा."

"पाप लागंल, दादा."

"लागू दे."

तो गेला नाही. मी परात पाण्यात बुडवली आणि हलवायला लागलो. हात आपले चालत होते. राख करडी होऊन वाहून गेली, कोळसे तरंगत गेले. तळाशी फुली राहिली, वितळून मोहरीएवढी झालेली. आणि तिच्या शेजारी एक काळी चकती.

मी ती बोटानं पुसली. नाणं होतं. करंगळीच्या नखापेक्षा थोडं मोठं, एका कडेनं धगीनं बसलेलं. त्यावर एक तोंड होतं, डोक्याला पट्टा बांधलेल्या राजाचं.

पहिल्यांदा मला वाटलं, हिच्या ओच्यात राहिलं असेल. पण ओच्यातलं असतं तर आंघोळीच्या वेळी पडलं असतं. मग तोंड आठवलं. उघडत नव्हतं ते तोंड.

नाण्यावरच्या तोंडावरून ते कुठलं ते मला कळेना. आणि गिरजाचं बोलणं आठवलं.

त्या हिवाळ्यात एकदा मी तिला न्यायला तंबूत गेलो होतो. मल्हारीही बरोबर होता. टेबलावर पांढऱ्या कापडावर दहा-बारा नाणी मांडली होती आणि बाई तिला भिंगातून दाखवत होत्या. फार लांबच्या, समुद्रापलीकडच्या रोमच्या राज्यातली नाणी, सोळाशे वर्षांपूर्वीची.

गिरजा म्हणाली, "बाई, ही समदी एकाच आईची लेकरं का वो? एकाला झाकावं आन् दुसऱ्याला काढावं."

बाई हसल्या. "म्हणूनच चेहऱ्यावर जायचं नाही. राजे बदलले, पण ठसे करणाऱ्यांनी सगळ्यांना एकच तोंड दिलंय. आणि अक्षरं तर झिजलेली. उलटं करून बघायचं. मागं काय आहे त्यावरून ओळखायचं."

मग गिरजा मला एकेक उलटं करून दाखवायला लागली. "हे बघा, दोन शिपाई आन् मधी निशाण. ह्याच्यावर माळ आन् मधी अक्षरं. आन् ही पंखवाली बाई बघा, कैद्याला केसाला धरून फरफटत न्यायली." तिला लिहिता-वाचता येत नव्हतं. मला कौतुक वाटत होतं आणि थोडी भीतीही, की ही आता माझ्यापेक्षा हुशार झाली.

"ही सोन्याची बी असतात ना बाई?" मल्हारीनं विचारलं.

"सोन्याची वेगळी. ही सुट्टी नाणी, गरिबांच्या हातातली. मोड म्हणून याला काही किंमत नाही."

मल्हारीनं सदरा वर केला. कमरेच्या करदोड्यात एक नाणं ओवलेलं होतं, कडेला भोक असलेलं. कड्याखालच्या वाळूत त्याला सापडलेलं. भोकही जुनंच होतं. बाईंनी तो उभा असतानाच भिंग लावलं.

"अरे, हा तर पडलेला घोडेस्वार! बघ गिरजा. शिपाई भाला खुपसतोय, घोडा गुडघ्यावर आलाय आणि वरचा माणूस मागं वळून हात वर करतोय."

"हात कशाला वर करतूय?" मी विचारलं.

"कुणी म्हणतं वार अडवतोय, कुणी म्हणतं जीव मागतोय. मल्हारी, हे आम्हाला दे. या प्रकारचं इथं एकही मिळालेलं नाही."

"न्हाई बाई. माझ्या वैऱ्याची अशी गत व्हावी म्हणून बांधलंय."

"तुला कोण रे वैरी?" गिरजा म्हणाली. "डोस्क्यातल्या उवा?"

आम्ही सगळे हसलो होतो.

परतताना मीच मूर्खपणा केला. तालुक्याचा एक सराफ मला म्हणाला होता की रोमची मोहर म्हणजे बावनकशी सोनं, जिथं तांब्याची सापडतात तिथं सोन्याचा हंडा असणारच. ते मी मल्हारीला गंमत म्हणून सांगितलं. गिरजा म्हणाली, "बाई काय खोटं बोलतील?" आम्ही झारेकरी, आमच्या लेखी तांबं म्हणजे फेकायचं. तांब्याच्या कपच्यासाठी शिकलेली बाई दोन वर्षं मातीत बसते, हे मल्हारीला पटलं नाही. खरं तर मलाही पटलेलं नव्हतं.

हे सगळं मला परातीपाशी उभं असताना आठवलं. मी नाणं उलटं केलं.

शिपाई होता. भाला होता. घोडा गुडघ्यावर आणि मागं वळलेला माणूस, हात वर केलेला. त्याच्या डोक्याशी, कडेला, भोक.

"घावली का फुली?" मल्हारी म्हणाला.

"मल्हारी, सदरा वर कर."

"का?"

"करदोडा बघू दे."

"तुटला त्यो. पडला कुठंतरी."

मी तळहात पुढं केला. त्यानं नाणं बघितलं. मग राखेकडं बघितलं. मी त्याच्या तोंडाकडं बघत होतो. आठ वर्षांचा असल्यापासूनचं ते तोंड मला पाठ होतं. त्यावरून काही कळलं नाही, अजूनही नाही.

"तिच्या तोंडात हुतं का?" तो हळूच म्हणाला. "दीसभर माती चाळली मी."

"का मारलीस?"

"मी न्हाई मारली. नुसतं इचारलं. सोनं कुठं ठिवलंय सांग म्हणलं. समदं त्या बाईला देती आन् आपण काय गाळ चाटायचा? तर हसली. दादा, ती हसली माझ्यावर. येडा हाईस म्हणली, बाळा म्हणली. मी एक थोबाडीत दिली. तर धरलं तिनं मला, करदोड्याला, सोडंना. म्हणली, दादाला सांगते. मग माझ्या हातात खोरं हुतं..."

"आन् कडा?"

"कडा मी पाडला."

"तवा ती जित्ती होती का?"

तो डोहाकडं बघायला लागला.

"मल्हारी. जित्ती होती का?"

"हात हलत हुता," तो म्हणाला.

मी परात दोन्ही हातांनी धरून त्याच्या कानशिलावर मारली. ती जुन्या सागाची होती, जड. तो डोहात आडवा पडला. उठायला लागला तसा मी त्याच्या पाठीवर बसलो आणि मानगूट धरून तोंड पाण्यात दाबलं. तो माझ्यापेक्षा तरुण होता. दोनदा वर आला. एकदा "दादा" म्हणाला. दुसऱ्यांदा माझ्या मांडीला चावला, अजून वण आहे. मी त्याचं डोकं खालच्या खडकावर आपटलं, मग पुन्हा आपटलं. पाणी कमरेइतकंच होतं आणि गढूळ झालं होतं. त्यात राख होती, ती लाल झाली.

शेवटी त्यानं मागं वळून उजवा हात वर केला. बोटं उघडी होती. वार अडवत होता की जीव मागत होता, मला माहीत नाही. मी तो हात बघितला, नाण्यावरचा हातही डोळ्यांपुढं आला, आणि तरी मी दाबून धरलं. हात खाली गेला तेव्हा सोडलं.

आंघोळीला गेलेली माणसं धावत आली तोवर मी काठावर बसलो होतो. एका मुठीत फुली, एका मुठीत नाणं.

मी सगळं कबूल केलं. कोर्टात आगाशेबाईंची साक्ष झाली. न्यायाधीशांनी विचारलं, हे नाणं मयत मल्हारीच्याच कमरेला होतं हे कशावरून? बाईंनी भिंग काढलं, नाणं उलटं केलं, घोडा दाखवला, भोक दाखवलं. आवाज नेहमीसारखा होता. मला दहा वर्षांची शिक्षा झाली.

तिसऱ्या वर्षी बाई तुरुंगात भेटायला आल्या. नाणं कोर्टातून सुटून त्यांच्या संग्रहात गेलं होतं. "पण कुठल्या थरातून आलं ते कळत नाही, त्यामुळं त्याच्यावरून काळ ठरवता येत नाही," म्हणाल्या. मी मान हलवली. मग मी विचारलं, "अंबर्षीच्या बाबतीत माझ्यावर काहीच गुन्हा कसा न्हाई लागला?"

"तुम्हाला कुणी सांगितलं नाही?"

"न्हाई."

"दवाखान्यात जमादार जबाब घ्यायला गेला होता. अंबर्षी म्हणाला, हिला काढताना उरलेला कडा माझ्या हातावर पडला. मी नंतर त्याला विचारलं, असं खोटं का सांगितलंस? तर म्हणाला, त्या माणसाची बायको गेलीय, त्याला आणि आत कशाला टाकता." बाई पुढं म्हणाल्या, "त्यानं आवाज ऐकला म्हणून पळत गेला होता, सटवाजी. उपसून काढली तेव्हा तिचा श्वास चालू होता, असं तो सांगतो. मांडीवर घेऊन बसला होता. परात फोडली म्हणून तिची माफी मागत होता."

"हात कसा हाय त्याचा?"

"मनगटापासून काढला."

मी तुरुंगातून सुटलो त्याला चौदा वर्षं झाली. सावरटाकळीला गेलो नाही. तालुक्यालाच राहतो. आता राख धूत नाही, एका लाकडाच्या वखारीत कामाला आहे. गिरजाची फुली एका डबीत आहे. सोनाराला सांगून तिला पुन्हा घडवून घेता आली असती, पण तशीच ठेवली, मोहरीएवढी.

ज्यानं मारलं त्याला मी मारलं आणि त्याची शिक्षा भोगली. ज्यानं वाचवायला बघितलं त्याचा हात मी मोडला आणि त्याचा एक दिवसही भोगला नाही. त्याचं तोंड बघितलं, सदऱ्यावरचं रक्त बघितलं. त्यानं नखं बघ म्हणून सांगितलं होतं, ती बघितली नाहीत.

अंबर्षी हयात आहे. राखणदारी गेल्यावर त्यानं फाट्यावर पानाची टपरी टाकली. डाव्या हातानं चुना लावतो, असं तिकडून येणारे सांगतात. इथून एस.टी.नं पाऊण तास लागतो. मी त्याच्याकडं अजून गेलेलो नाही.